'ऑथेंटिक कनेक्ट'ला मराठीत काय म्हणावं? (आणि मग 'पोच'वर घसरलेली चर्चा)

प्रश्न

छोट्या व्यावसायिकांसाठी सोशल मीडियावरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. तिच्यात पानोपानी एकच पालुपद आहे, ग्राहकांशी 'ऑथेंटिक कनेक्ट' ठेवा. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, "ग्राहकांशी अस्सल संबंध प्रस्थापित करा." मोठ्याने वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. दोन देश राजदूत नेमताहेत असं वाटतं. 'प्रामाणिक संबंध' लिहिलं तर आधीचे अप्रामाणिक होते की काय, असा वास येतो. काय करावं?

उत्तर

'अस्सल' इथे बसणार नाहीच. तो अरबी 'अस्ल'मधून आला, म्हणजे मूळ. कागदपत्रांत अस्सल आणि नक्कल अशी जोडी असते, तिथे तो शोभतो. वस्तू अस्सल असते, बोलीही असते. संबंध अस्सल आहे की नाही हे कशाशी ताडून बघणार?

'प्रामाणिक'ची गंमत वेगळी. संस्कृतात तो 'प्रमाणावर आधारलेला' असा आहे आणि हिंदीत अजूनही तसाच चालतो, 'प्रामाणिक ग्रंथ' म्हणजे विश्वसनीय ग्रंथ. मराठीत मात्र तो माणसाच्या सचोटीला चिकटला. म्हणून हिंदी मजकुरावरून मराठी करणारे इथे हमखास घसरतात.

'ऑथेंटिक' ज्या ग्रीक शब्दातून आला त्याच्या मुळाशी 'स्वतःच्या अधिकाराने करणारा' हा भाव होता. आता 'ऑथेंटिक'चा अर्थ इतका ताणला गेलाय की मेरियम-वेबस्टर कोशाने २०२३चा 'वर्षाचा शब्द' म्हणून त्यालाच निवडलं. माणसं तो शब्द कोशात शोधताहेत याचा अर्थ त्यांनाही तो नीट कळलेला नाही!

माझं मत, विशेषणाचा नाद सोडा. मराठीत हा गुण क्रियाविशेषणात राहतो. मनापासून बोलणं, मोकळेपणाने सांगणं. आणि उलट शब्द तर आपल्याकडे ढिगाने आहेत: तोंडदेखलं, छापील, पढवलेलं, बेगडी, कोरडं. "छापील उत्तरं देऊ नका" म्हटलं की 'ऑथेंटिक'चं निम्मं काम होतं. 'कनेक्ट'साठी तर 'माणसं जोडणं' हातात आयतं आहे. जुन्या मराठीत जोडणं म्हणजे मिळवणंही होतं, धन जोडणं. व्यवसायाच्या पुस्तिकेला याहून योग्य क्रियापद नाही.

आणखी एक

मी बरीच वर्षं ग्राहकांच्या तक्रारी वाचून उत्तरं देण्याचं काम केलं. पुस्तिकेत 'रीच'ला काय म्हटलंय? 'पोहोच' असेल तर त्याच्याच भावाकडे लक्ष द्या, 'पोच'कडे.

दोन्ही एकाच क्रियापदाची रूपं. पण पोहोच म्हणजे आपलं म्हणणं कुठवर गेलं ते, आणि पोच म्हणजे समोरच्याचं आपल्याला मिळालं हे कळवणं. पत्राची पोच, पैशांची पोचपावती. शिवाय "त्याला पोच नाही" म्हणतो तेव्हा तिसराच अर्थ येतो, कुठे काय बोलावं याची समज. सोशल मीडियावर बहुतेक व्यवसाय पोहोच मोजतात, पोच द्यायला विसरतात, आणि मग लोक म्हणतात यांना पोच नाही. ('पोचट' मात्र या घरातला नाही, तो फारसीतल्या 'पोकळ' अर्थाच्या शब्दाकडून आलाय. पण अशा पानांवरचे विनोद वाचून तोही आठवतोच.)

एक उदाहरण. २०१३मध्ये सामान हरवल्याच्या रागाने एका ग्राहकाने चक्क पैसे भरून आपली तक्रार ट्विटरवर जाहिरातीसारखी फिरवली. ब्रिटिश एअरवेजचं उत्तर काही तासांनी आलं. त्यात उशिराबद्दल दिलगिरी होती आणि आपलं खातं सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालू असतं हा खुलासाही. खुलासा खराच होता, खोटं काही नव्हतं. पण चोवीस तास उडणाऱ्या विमान कंपनीने तो द्यावा? 'प्रामाणिक' आणि 'पोच असलेला' यांतलं अंतर एवढं असतं.

त्यावर

पटलं, पण पोच आता यंत्रही देतं. "आपला संदेश आम्हाला मिळाला आहे, लवकरच संपर्क करू." सेकंदात येतं. मग तेवढ्यावर भागतं का?

आणखी एक (वरचाच)

भागत नाही, पण तिचा रागही नको. ती पावती आहे, तिने पावतीचं काम करावं, माणसाचा आव आणू नये. सहीच्या जागी एखाद्या व्यक्तीचं नाव घालून यंत्राचा मजकूर पाठवला की तो बेगडी ठरतो.

खरी परीक्षा चूक झाल्यावर. २०१४मध्ये अमेरिकेत स्त्रिया एका हॅशटॅगखाली सांगत होत्या, की मारहाणीचं नातं आपण का सोडू शकलो नाही. डिजोर्नो या पिझ्झा ब्रँडने तो कशाबद्दल आहे हे न वाचताच त्यावर पिझ्झ्याचा विनोद टाकला. थोड्याच वेळात त्यांनी तो काढला, पोस्ट करण्याआधी वाचलं नव्हतं हे कबूल केलं, आणि रागावलेल्या अनेकांना एकेकट्याला वेगळ्या शब्दांत उत्तरं लिहिली. एकच छापील माफीनामा सगळ्यांना चिकटवला नाही. चूक दांडगी होती, पण उत्तरामागे माणूस बसलाय हे दिसलं.

उत्तर (पहिलाच मी)

माफीचा विषय निघालाच आहे तर तीन शब्द वेगळे करून ठेवू. 'खेद' म्हणजे वाईट वाटणं, तिथे दोष कुणाचाच नाही. 'दिलगिरी' फारसी 'दिलगीर'वरून, मूळ अर्थ उदास. म्हणजे दिलगिरी व्यक्त करणारा खरं तर एवढंच सांगतो की मी उदास आहे. 'माफी' मागायची तर आधी चूक आपली म्हणावी लागते. म्हणून तर कंपन्या सर्रास दिलगीर असतात!

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." या वाक्यात गैरसोय आपोआप झाली, करणारा कुणीच नाही. त्याऐवजी "पार्सल आम्ही चुकीच्या पत्त्यावर पाठवलं, दुसरं आज निघतंय" असं लिहून बघा. कर्ता आला, क्रियापद आलं, मुदत आली. 'दिलगीर' शब्द गाळला तरी चालतं. पुस्तिकेत याचं एक पान असावं असं मला वाटतं, भले मूळ इंग्रजीत नसो.

प्रश्नकर्ती

सगळं टिपून घेतलं. 'ऑथेंटिक कनेक्ट'चं शीर्षक आता "माणसं जोडा, मनापासून बोला" असं केलंय. आत जिथे जिथे अस्सल होतं तिथे 'छापील नको' अशा अर्थाची वाक्यं फिरवली.

दोन गोष्टी उरल्यात. मूळात 'ऑर्गॅनिक रीच' आहे. कुणीतरी आधी 'सेंद्रिय पोहोच' करून ठेवलंय. मला खताचं पोतं दिसतं. 'आपसूक पोहोच' किंवा सरळ 'विनाजाहिरात पोहोच' चालेल का?

दुसरं, ग्राहकाला तू म्हणायचं की तुम्ही? मूळ नमुने फार सलगीचे आहेत, "हे, तू काहीतरी विसरलास का?" अशा थाटाचे.

आणखी एक

'विनाजाहिरात' घ्या, अर्थ लगेच कळतो. आपसूक काहीच पोचत नाही, पोस्ट लिहिणाऱ्याला विचारा.

आणि 'तू' नकोच. सलगीचा प्रश्न नंतरचा, आधी व्याकरण आडवं येतं. 'विसरलास' की 'विसरलीस', हे लिहिणाऱ्याला माहीत हवं. समोर कोण आहे ते माहीत नसताना निम्म्या ग्राहकांना चुकीच्या लिंगात हाक जाणार, आणि जवळीक दाखवायला निघालेला माणूस आपण त्यांना ओळखतच नाही हे पहिल्याच वाक्यात सांगून बसणार. "तुम्ही विसरलात का?" यात ती भानगड नाही. ग्राहकाने स्वतः तू म्हणून सुरुवात केली तरी तुमच्याकडून 'तुम्ही'च जाऊ द्या.

प्रश्नकर्ती

हे लक्षातच आलं नव्हतं. चौदा नमुने 'तू'त लिहून झालेत. बसते आता दुरुस्तीला.