फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळते. ओटीला (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे लिहिणं-वाचणं यांसारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी थेरपी) न्यावं का?

आर्याची आई: लेक तिसरीत. डोळे तपासले, ६/६. तरी फळ्यावरून उतरवताना मधली ओळच गायब. काल 'पावसाळ्यात नदीला' लिहून थेट खालच्या ओळीतलं 'शेतकरी'! बाई म्हणतात, लक्ष नाही. एकांनी रंगीत काचांचा चष्मा सुचवलाय.

ठाणेकर बाबा: ६/६ म्हणजे लांबचं दिसतं, एवढंच. ओळीवर नजर टिकवणं, फळ्यावरून वहीवर येऊन पुन्हा तीच जागा सापडणं, हे वेगळं काम. आमच्या मुलाचंही हेच होतं. ओटीच्या ताईंनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही, त्याला नुसतं लिहिताना पाहिलं. मग पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून दिली. ती सरकवत वाचायचं. वहीखाली जुनी बॉक्स फाइल, उतार यावा म्हणून. गणिताला चौकटींची वही, एका चौकटीत एकच अंक. हातच्यांचा गोंधळ निम्मा तिथेच गेला. शाळेत पहिला बाक मागितला, तोही तीन चिठ्ठ्यांनंतर मिळाला. पुठ्ठा मात्र दर आठवड्याला हरवतो, डझनभर कापून ठेवा.

नीलिमा: चष्म्यावर पैसे घालू नका. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच सांगितलंय, वाचनाच्या अडचणींवर रंगीत काचांना पुरावा नाही. जवळचं दिसणं आणि दोन्ही डोळे जुळवून पाहणं तपासलंय का?

आर्याची आई: नाही, फक्त तक्ता वाचून घेतला. शनिवारी नेते. पुठ्ठा आजच कापला, बिस्किटाच्या खोक्याचा.