‘साँग फॉर एव्हरीवन’: याला जॅझ म्हणावे का?

मंद्र:
व्हायोलिनवादक एल. शंकर यांचा ‘साँग फॉर एव्हरीवन’ हा अल्बम (ईसीएम ही ध्वनिमुद्रिका कंपनी, १९८५) जॅझ म्हणून ऐकावा, हे मला पटत नाही. दहा तारांचे दुहेरी व्हायोलिन शंकर यांचे, तबला झाकिर हुसेन यांचा, इतर तालवाद्ये त्रिलोक गुर्टू यांची आणि सॅक्सोफोन नॉर्वेच्या यान गार्बारेक यांचा. परंतु सर्व रचना शंकर यांच्याच असल्यामुळे सॅक्सोफोन परक्या घरी पंगतीला बसल्यासारखा अंग चोरून वाजतो. शिवाय सुरावटीखालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, फारशी हलतच नाही. बदलत्या कॉर्डांशी झुंजत वाट काढण्यात जॅझवादकाचा जो कस लागतो, तो इथे लागत नाही.

कोमल निषाद:
हा निकष लावला, तर जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमचा बराच भागही बाद करावा लागेल. एकाच स्वरसमूहावर रेंगाळत सुचेल तसे बांधत जाणे जॅझने तेव्हाच आपलेसे केले. गार्बारेक अंग चोरत नाहीत. मोजके स्वर आणि लांब श्वास हा त्यांचा स्वभावच आहे. व्हायोलिनला पडदे नाहीत, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, बोट घसरवून मिळते. सॅक्सोफोनच्या किल्ल्यांवर ती सोय नसताना ओठांचा दाब कमीजास्त करून ते स्वर वाकवतात, हे लक्ष देऊन ऐकावे. इथली ‘पेपर नट’ ही रचना त्यांनी पुढे स्वतःच्या संचातही वाजवली. त्या संचाच्या २००९ च्या ‘ड्रेस्डेन’ या अल्बमची सुरुवात तिनेच होते. पाहुणा यजमानाची चीज इतकी वर्षे सांभाळतो का?

लग्गी:
माझी तक्रार सॅक्सोफोनबद्दल नाही, या अल्बममध्ये ताल धरणाऱ्या ड्रम मशीन या यंत्राबद्दल आहे. तबलावादक उस्ताद अल्लारखाँचे चिरंजीव झाकिर आणि शोभा गुर्टू यांच्या ठुमरीच्या घरात वाढलेले त्रिलोक असे दोन मुंबईकर हाताशी असताना यंत्र कशासाठी? तबल्याचा ठेका पक्का असूनही श्वास घेतो, गायक-वादकाच्या कलाने किंचित ओढला वा सैल सोडला जातो. यंत्र कोणासाठीही थांबत नाही.

मंद्र:
लग्गी यांच्याशी सहमत आहे. ‘ड्रेस्डेन’चा दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे. तिथे पियानो, बास आणि ड्रम्स आहेत, म्हणजे मूळ अल्बममध्ये मला जे उणे वाटले, तेच गार्बारेक यांनी भरून काढले.

कोमल निषाद:
भरून काढले खरे, पण तिथे व्हायोलिन नाही आणि तबलाही नाही. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर मला तरी १९८५ चीच ‘पेपर नट’ पुन्हा लावावीशी वाटते, ड्रम मशीनसकट.