घर बदललं: फॉर्म ६ की फॉर्म ८? आणि एका मताने खरंच फरक पडतो का?

पानकोर
दोन प्रश्न आहेत, एकमेकांत गुंतलेले. भाड्याने राहणारे बरेच जण म्हणतात, मतदार यादीतलं नाव जुन्या पत्त्यावरच असू दे, लाखो मतांत माझ्या एकाने काय होणार. हिशेबाने पाहिलं तर हे अगदीच चूक आहे का? आणि नाव हलवायचंच ठरवलं तर फॉर्म कोणता? भाडेकरार नोंदणीकृत नसेल, आधारवर जुना पत्ता असेल तर अर्ज फेटाळतात का? मुदत नेमकी कधी संपते? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोप नकोत, नियम माहीत असलेल्यांनी लिहावं.

काठावर पास
आधी हिशेब. सुट्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते, हे मान्य. पण तसं घडलेलंच नाही असं नाही. विधानसभेला २००४, कर्नाटकातलं संथेमरहळ्ळी: ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. २००८, राजस्थानातलं नाथद्वारा: ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५, आणि हरलेले सी. पी. जोशी तेव्हा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. लोकसभेला १९८९ मध्ये अनकापल्ली आणि १९९८ मध्ये राजमहल, दोन्हीकडे फरक ९ मतांचा. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये तर मतं समसमान पडली आणि चिठ्ठी काढावी लागली.

मला जास्त बोलकं वाटतं ते २०२४ चं मुंबई उत्तर-पश्चिम. मतदान यंत्रांवर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. टपाली मतं अनुक्रमे १,५०१ आणि १,५५०. वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये फरक १६२ चा, साकोलीत २०८ चा.

आता एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावं असतात. एका सोसायटीतले भाडेकरू नोंदलेले नसले की ४८ तिथेच भरतात. म्हणून ‘माझ्या मताने काय होतं’ हा प्रश्नच अपुरा आहे. माझ्यासारखे किती जण त्याच कारणाने यादीबाहेर आहेत, हे विचारायला हवं. भाडेकरू, नवविवाहित स्त्रिया, वसतिगृहातली मुलं हे लोक योगायोगाने एकेकटे गळत नाहीत, गटाने गळतात. निकालावर परिणाम होतो तो तिथे.

यादीभाग
फॉर्मबद्दल. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलला की फॉर्म ८, मग मतदारसंघ तोच असो वा दुसरा. जुनी नोंद असताना फॉर्म ६ भरला, तर ‘पहिलीच नोंदणी’ असं खोटं निवेदन होतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय दोन नोंदी जुळल्या की कधीकधी नेमकी नवी, कामाची नोंद वगळली जाते.

फॉर्म ८ मध्ये एकाच कारणावर खूण करता येते: स्थलांतर, दुरुस्ती, कार्डाची दुसरी प्रत किंवा दिव्यांगत्वाची नोंद. लग्नानंतर आडनाव आणि पत्ता दोन्ही बदलले असतील तर दोन अर्ज, एकापाठोपाठ एक. इथे खूप जणी अडकतात.

पत्त्यासाठी पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँक किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यातलं एक काहीही चालतं. आई-वडील, पती-पत्नी किंवा सज्ञान मुलगा-मुलगी त्याच पत्त्यावर आधीच मतदार असतील तर त्यांच्या नावाचा पुरावाही चालतो. नुसता नोटरी केलेला करार मात्र या यादीत नाही. तरी अर्ज तेवढ्यावर मरत नाही. कागद नसेल तर बीएलओने (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) घरी येऊन पडताळणी करायची असते. बेघर माणसासाठीसुद्धा तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहावं, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे, आणि तसं दिसलं तर कागद मागायचा नाही. व्यवहारात घोटाळा होतो तो वेगळाच: बीएलओ दुपारी येतो, दाराला कुलूप, आणि शेरा पडतो ‘पत्त्यावर आढळले नाही’. अर्जात चालू मोबाइल नंबर द्या, संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि आयोगाच्या मतदार पोर्टलवर बीएलओचं नाव शोधून स्वतःच फोन करा. १९५० या क्रमांकावरही विचारता येतं.

आणि ‘सहा महिने राहिलं पाहिजे’ असं कायद्यात कुठेही नाही. ‘सामान्यतः रहिवासी’ एवढीच अट आहे. उलट नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तिथे मतदार होता येत नाही.

पानकोर
धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. एक उपप्रश्न: काही घरमालक भाडेकरूला नाव नोंदवू देत नाहीत, हक्क सांगतील म्हणून. त्यांची परवानगी लागते का?

यादीभाग
नाही. फॉर्मवर मालकाच्या सहीची जागाच नाही. मतदार यादीतल्या नावाने घरावर कुठलाही हक्क तयार होत नाही, ही भीती निराधार आहे. बाकी महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करणं कायद्याने बंधनकारक आहेच, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. भाडेकरूने तेवढाच आग्रह धरला तरी पुराव्याचा प्रश्न मिटतो.

सात दिवस
मुदतीबद्दल. नामनिर्देशनाच्या (उमेदवारी अर्ज भरण्याच्या) शेवटच्या दिवशी यादी गोठते. आलेल्या अर्जांची यादी हरकतींसाठी सात दिवस लावावी लागते, म्हणून अर्ज त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोचायला हवा. अधिसूचनेपासून नामनिर्देशनाला असतातच सात दिवस. म्हणजे उमेदवारांची नावं जाहीर होऊन गल्लीत प्रचार सुरू होतो, तोवर दार बंद झालेलं असतं. माझ्या मते यादीबाहेर राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, कागदपत्रं नव्हे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात) आहेत आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, तर निवडणुकीची वाट कशाला पाहायची?

वगळलेल्या नावांचंही बघा. फॉर्म ७ भरून मतदारसंघातला कुठलाही मतदार तुमच्या नावाला हरकत घेऊ शकतो, पण तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. नोटीस जाते यादीतल्या पत्त्यावर. तो जुना असेल तर ती तुमच्या हाती पडणारच नाही. नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यावर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

यादीत नोंद शोधताना नावाने नाही, मतदार कार्डाच्या क्रमांकाने शोधा (तीन अक्षरं, सात आकडे). इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचं पोर्टल मराठीत जे काही करतं, त्याने आपलंच आडनाव ओळखू येत नाही.

काठावर पास
महापालिका, जिल्हा परिषदेसाठी एक भर. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार नोंदणी करत नाही. ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती फक्त प्रभागांत फोडली जाते. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात गेल्याची, लेखनिकाच्या चुकीची किंवा विधानसभा यादीत असलेलं नाव इथे गळल्याची. नवीन नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. त्यामुळे प्रारूप यादी लागली की आपलंच नाव नव्हे, आख्ख्या इमारतीची नावं कुठल्या प्रभागात पडलीत ते पाहा. हद्दीवरच्या रस्त्यांची पानं सर्रास शेजारच्या प्रभागात जातात.