दोष फक्त मालकाचा नाही

एका दादांनी लिहिलंय, ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या इंग्रजी नाटकात इव्हा या कामगार मुलीच्या आत्महत्येचा खरा गुन्हेगार कारखानदार बर्लिंगच. मला नाही पटत. आठवड्याला २५ शिलिंग मागितले म्हणून त्यानं इव्हाला कामावरून काढलं, हे खरंच. पण त्याच्या मुलीनं, शीलानं, नुसत्या एका हसण्यावरून तिची दुकानातली नोकरी घालवली आणि मिसेस बर्लिंगनं तर ती पोटुशी असताना मदत नाकारली!

आमच्या निपाणीत आत्या मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. कारखान्यात मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या की तेवढी मजुरी गेली. आत्या हात जोडायची. मागं रांगेत आम्ही सगळे उभे असायचो, पण कुणी एक शब्द बोलायचं नाही. नाटक वाचताना मला बर्लिंग नाही, ती रांग आठवली.