विषय: जळगावजवळ मुलांना घेऊन जाण्याजोगा स्वच्छ तलाव

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

येत्या डिसेंबरात आम्ही चार आठवड्यांसाठी जळगावला जात आहोत. मिशिगनमध्ये आमची मुले तळ्याकाठीच वाढली. येथे उन्हाळ्यात पाण्याची तपासणी होते आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतूंचे प्रमाण 300 च्या वर गेले की पाणी पोहण्यास अयोग्य ठरवले जाते. सासरच्या घरापासून मेहरूण तलाव जवळ आहे, पण मुलांना त्यात उतरवण्याचा धीर होत नाही. दिवसाभरात जाऊन परत येता येईल असे स्वच्छ पाणी खानदेशात कोठे मिळेल, हे कृपया कळवावे.

---

ताई, सप्रेम नमस्कार,

मी सध्या रावेरला मुक्कामी असल्याने उत्तर देत आहे. मेहरूणच्या काठावर सकाळी अवश्य फिरावे, मुलांना पक्षी दाखवावेत. परंतु तलावाभोवती वस्ती दाटली आहे आणि गणेश विसर्जनही तेथेच होते, म्हणून पाण्यात उतरवू नये. वाघूर धरणातून जळगाव शहराला पिण्याचे पाणी मिळते, त्यामुळे तेथे लांबूनच पाहणे योग्य. हतनूर धरणाच्या फुगवट्यात तापी आणि पूर्णा दोन्ही येतात, आणि पूर्णा वऱ्हाडातील काळ्या मातीचा गाळ सोबत आणते. हिवाळी पाखरांसाठी ती जागा फार चांगली आहे, खेळण्यासाठी नाही.

माझ्या अनुभवाने तलावाची निवड करताना पाण्याच्या रंगाआधी वरच्या अंगाला काय आहे ते पाहावे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीला भरपूर खत दिले जाते, आणि त्यातील नत्र व स्फुरद पावसाबरोबर पाण्यात उतरले की शेवाळ माजते. पण सुकी नदीवरील गारबर्डीचे धरण आणि आभोड्याचे धरण सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे केळीच्या मोठ्या पट्ट्याच्या वर आहेत. त्यांत येणारे पाणी मुख्यतः डोंगर-जंगलातून येते आणि केळीचे शेत त्याच्या खाली लागते. हा वरचा-खालचा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात तेथेही पाणी गढूळ असते, मात्र गाळ खाली बसल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून, ते निवळते. आणि मे महिन्यात साठा आटून पाणी तापले की पुन्हा हिरवट होऊ लागते. तुमचा डिसेंबर म्हणूनच योग्य काळ आहे.

गेल्या हिवाळ्यात नातवंडांबरोबर आम्ही एक साधी परीक्षा केली. जेवणाच्या ताटलीला पांढरा रंग दिला, मध्ये भोक पाडून दोरी ओवली, खाली दगड बांधला आणि ती काठाच्या खडकावरून पाण्यात सोडली. ताटली दिसेनाशी झाली तेथे दोरीला गाठ मारली. आमच्या शेतातील शेततळ्यात ती गाठ वीतभरावरच पडली. गारबर्डीला धाकट्या नातीच्या उंचीहून अधिक दोरी सोडावी लागली, आणि तिने ती स्वतःच्या अंगाला लावून मोजली. दुसरी परीक्षा याहून उपयोगी आहे. काचेची बाटली पाण्याने भरून रात्रभर न हलवता ठेवावी. माती तळाशी बसते. पण सकाळी वर हिरवी साय धरलेली दिसली, तर ते विषारी निळे-हिरवे शेवाळ असण्याची शक्यता असते, आणि अशा पाण्यात पायही बुडवू नये.

मात्र नितळ पाणी जंतुविरहित असतेच असे नाही, हे कळकळीने सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानयोग्य पाण्यासाठी 100 मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म जंतू 500 पर्यंत, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमपर्यंत अशा मर्यादा आहेत. यातील एकही गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून जेथे गुरे बसतात किंवा कपडे धुतले जातात तो काठ टाळावा, अवकाळी पाऊस झाला तर दोन-तीन दिवस थांबावे, आणि अंगावर जखम असलेल्या मुलाला काठावरच बसवावे.

पोहण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. धरणाचा तळ एकाएकी खोल होतो, गाळात पाय रुततो, आणि येथे तुमच्याकडच्यासारखे जीवरक्षक नसतात. भिंतीजवळ व सांडव्याजवळ तर मुळीच जाऊ नये; धरणावरील चौकीदाराला विचारून, तो दाखवील त्या उथळ काठाला घोट्याएवढ्या पाण्यात मुलांना खेळू द्यावे.

आपण येण्याच्या आधीच्या आठवड्यात मी गारबर्डी आणि आभोडा, दोन्हीकडचे पाणी बाटल्यांत भरून ओट्यावर ठेवीन आणि सकाळी काय दिसले ते कळवीन.