नाताळच्या उपासनेत अनुवादित कॅरोल कमी करा, भजनं घ्या

पेटीवाले: यंदा इंग्रजीतून अनुवादित कॅरोल, म्हणजे नाताळगीतं, कमी करावीत असं माझं ठाम मत आहे. ‘जॉय टु द वर्ल्ड’ची चाल घ्या. वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत आठ सूर सरळ उतरतात आणि त्यातला तिसरा जेमतेम पाव मात्रेचा. तिथे ‘येशू आला’ बसवलं की ‘आ’ चिरडतो, ऐकू येतं ‘येशूअला’. अर्थ कळायचा कसा? आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आहेत, ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतपुस्तक हाताशी आहे. आठ मात्रांचा भजनी ठेका लागला की शब्द मोकळा होतो.

सुरावट: दोष चालीचा नाही, शब्द बसवणाऱ्याचा. त्याच सुरांवर ‘तारक जन्मला पहा’ म्हणून बघा. ‘ता’ एक मात्रा, ‘र’ पाऊण, ‘क’ पाव, ‘जन्’ दीड. ऱ्हस्व अक्षर आखूड सुरावर पडलं, जोडाक्षराचा जोर लांब सुरावर. शिवाय ही चाल अख्खी एका सप्तकात मावते. पेटीच्या पांढरी दोन पट्टीत सा धरला की बायका, पुरुष, पोरं सगळी गातात. भजनाचा अंतरा, म्हणजे वर चढणारा दुसरा भाग, तार मध्यमाला (वरच्या सप्तकातल्या म ला) भिडला की मात्र मंडळी गप्प होते आणि पुढचे दोघेच गात राहतात. उपासनेत मैफल नको.

पेटीवाले: अंतऱ्याचं मान्य. तार रिषभाच्या (वरच्या रे च्या) वर न जाणारी चाल निवडायची, ओळ आधी एकाने म्हणायची, मग सगळ्यांनी. झांजाही आवरायच्या, नाहीतर शब्द बुडतात. पण या कॅरोलमध्ये नाताळ कुठे आहे? इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने १७१९ साली ते बायबलमधल्या ९८व्या स्तोत्रावरून रचलं. त्यात ना गोठा, ना मेंढपाळ.

सुरावट: राजा आलाय, पृथ्वीने त्याला स्वीकारावं, एवढं त्यात आहे. नाताळचा गाभा याहून वेगळा कोणता?

वसईकर: चालीवरून भांडताय, पण कधी काय गायचं हे कोणीच बोलत नाही. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीचे, चार रविवार वाट पाहण्याचे. आमच्या कॅथलिक मिस्सात (उपासनेत) त्या रविवारी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीतसुद्धा म्हणत नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री परत येतं, म्हणून तर त्या रात्री अंगावर काटा येतो. १ डिसेंबरपासून जन्मगीतं लावली तर २४च्या रात्रीसाठी उरतं काय? लूकच्या शुभवर्तमानातच चार गीतं आहेत. मरियेचं (१:४६–५५) आणि जखऱ्याचं (१:६८–७९) आगमनकाळात, देवदूतांचं (२:१४) जन्मरात्री, बाळ येशूला हातात घेणाऱ्या शिमोनाचं (२:२९–३२) नाताळनंतर.

पेटीवाले: मग मरियेचं गीत अभंगातच हवं. बलवंतांना आसनावरून खाली ओढलं, भुकेल्यांना तृप्त केलं, हे सहा-सहा-सहा-चार अक्षरांत मराठी कानाला लगेच भिडेल.

सुरावट: ते अभंगात घ्या, हरकत नाही. जन्मरात्रीचं कॅरोल मात्र सोडणार नाही. आणि शिमोन म्हाताऱ्याच्या गीताला तबला नको, नुसती पेटी धरा.