मदत हवी आहे: खोलवरचं खारं पाणी नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी, मुंबईत एम.एस्सी. करतेय. मुंबईच्या पश्चिमेला खोल समुद्रात फिरणाऱ्या एका आर्गो फ्लोटच्या (पाण्यात खाली-वर जात तापमान, क्षारता मोजणारं तरंगतं स्वयंचलित यंत्र) नोंदींवरून तापमान-क्षारतेचा आलेख काढलाय. वरच्या थरातलं अरबी समुद्राचं खारं पाणी लगेच ओळखू येतं. अडलंय ते खाली. ३०० मीटरच्या आसपास, घनता २६.५ जवळ (म्हणजे घनमीटरला १०२६.५ किलो, हजार वगळून लिहितात), क्षारतेच्या रेषेला बारीकसा फुगवटा आहे. पर्शियन आखाताचं पाणी साधारण २६.२ ते २६.८ मध्ये सापडतं, म्हणजे तेच असावं. पण २७.२ जवळ तांबड्या समुद्राच्या पाण्याची खूण दिसतच नाही. इथवर येईतो बरंचसं मिसळून गेलेलं असणार. ऑक्सिजनवरूनही पत्ता लागत नाही, त्या सगळ्या पट्ट्यात तो जेमतेमच असतो. कुणाचा किती वाटा, हे नुसत्या तापमान-क्षारतेवरून काढता येईल का? की पाण्यात विरघळलेल्या सिलिकेट, नायट्रेट या पोषकद्रव्यांची मोजमापंही लागतीलच? जाणकारांनी कृपया सांगा.